पहिल्या घाण्याचा खार

'शिकायला वय नसतं' असं जो कोणी पहिल्यांदा म्हणाला ना, त्याला मला एकदा पेठ रोडवरच्या आमच्या घरी आणायचंय. खालच्या मजल्यावर, उजव्या हाताच्या खोलीत. खुर्ची देईन, चहा देईन आणि म्हणेन, शिकव बाबा. बघू तरी किती शिकवतोस ते.

मी तापट आहे, पहिल्यापासूनच. माहेरी मला लवंगी फटाका म्हणायचे. एवढीशी, पण कुठं फुटेल सांगता यायचं नाही. मागच्या आठवड्यात एक फोन आला आणि फुटले. ज्या सरांच्या शिबिरात मी दोन वर्षांपूर्वी धंदा शिकायला गेले होते, त्यांच्या ऑफिसातून फोन होता. नवीन बॅच सुरू होतेय, मॅडम, तुम्ही या आणि दहा मिनिटं बोला, 'गेल्या दोन वर्षांत मी काय शिकले'. मी त्या बिचाऱ्या पोरीवर इतकी ओरडले की तिनं सॉरी म्हणून फोन ठेवला. तिचा काय दोष? नंतर कागद घेऊन बसले. म्हटलं, लिहून तरी बघू काय शिकले ते. दहा मिनिटांत मावणारं नाही आणि त्यांच्या एसी हॉलात सांगण्यासारखंही नाही.

मी चौपन्न वर्षांची. पंचवटीतली मुलगी, बी.कॉम. झालेली. सासर मूळचं दिंडोरीकडचं शेतकरी, पण दोघं भाऊ नोकरीला लागले आणि पेठ रोडला दोन मजली घर बांधलं. खाली थोरले दीर आणि जाऊबाई, वर आम्ही. दिरांना मी दादा म्हणते. ते ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले. माझे मिस्टर अजून अंबडला कंपनीत जातात. दोन्ही घरची मुलं पुण्याला, आपापल्या व्यापात.

आणि जाऊबाई. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, माहेर पेठ तालुक्यातलं, डोंगराकडचं. सातवी शिकलेली, नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी खाऊन वाढलेली. मी तिला ताई म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा मी तिला अहो-जाहो करायचे, तर चौथ्याच दिवशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो म्हणायला मी काय तुझी सासू हाय? ताई म्हण आन् अगं-तुगं कर." ती मला धाकटे म्हणायची. अठ्ठावीस वर्षांत आमची भांडणं झाली, नाही असं नाही. पण संध्याकाळचा चहा आम्ही कधी वेगळा घेतला नाही.

तिच्या हातचे नागलीचे पापड म्हणजे काय सांगू! नागली धुवायची, तीन दिवस भिजत ठेवायची, रोज पाणी बदलायचं, मग वाळवून दळून वस्त्रगाळ करायची. आधणात मीठ, तीळ, पापडखार घालायचा आणि त्यात पीठ शिजवून उकड घ्यायची. एका वेळी शिजवलेल्या उकडीला आम्ही घाणा म्हणतो. ताईकडे वजनकाटा नव्हता. मूठ होती आणि तीन बोटं होती. शिजलेल्या उकडीचा कण ती अंगठा आणि बोटात धरून ताणायची आणि म्हणायची, "अजून नाय." मग थोड्या वेळानं, "हां, आता झाली." तिनं झाली म्हटलं की झाली, त्याच्यापुढे कोणाचं काही चालायचं नाही.

एक रीत मात्र होती तिच्या माहेरची, ती आम्हीही पाळायचो. हंगामाचा पहिला घाणा कोणी जिभेला लावायचा नाही. त्यातले पाच पापड वाळले की तळायचे, देवीपुढे ठेवायचे, मगच घरच्यांनी तोंड लावायचं. पापड वाळायला दोन उन्हं लागतात, म्हणजे दोन दिवस कोणी चाखायचं नाही. दुसऱ्या घाण्यापासून मात्र निम्मी उकड तेल लावून आमच्याच पोटात जायची. गल्लीतल्या बायका पापड लाटायला कमी आणि उकड खायला जास्त यायच्या.

पाच वर्षांपूर्वी लोक विकत मागायला लागले, तेव्हा मी म्हटलं, ताई, करायचं का? ती म्हणाली, "तू बोल, मी लाटते." झालं. हिशेब, पाकिटं, गिऱ्हाइकं माझ्याकडे आणि उकड तिच्याकडे. गच्चीवर पत्रा टाकला, गल्लीतल्या सहा बायका कामाला घेतल्या. तीन उन्हाळे बरे गेले. मग माझ्या डोक्यात मोठं व्हायचं शिरलं आणि मी गंगापूर रोडच्या त्या शिबिरात जाऊन बसले.

तीन दिवसांचं शिबिर. सकाळी उभं राहून टाळ्या वाजवायच्या, शेजारच्याला 'मी बदलणार' म्हणायचं, मग सर बोलायचे. बोलायला मोठा गोड माणूस. म्हणाले, धंदा एका माणसाच्या हातावर उभा असेल तर तो धंदा नाही, नवस आहे. तो हात उद्या नसला तर? मी लाल पेनानं वहीत लिहून घेतलं. मला ते पटलं होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण आता सगळं त्या माणसाच्या गळ्यात मारणं सोपं आहे. त्यांनी सांगितलेलं बरंचसं खरंच होतं. चूक त्यांची नव्हती, मी घरी येऊन जे केलं ती माझी होती.

घरी आले ती अंगात आल्यासारखीच. वजनकाटा आणला, मापाचे पेले आणले. भिंतीवर नऊ ओळींचा तक्ता लावला. पाणी किती, मीठ किती, खार किती, किती मिनिटं शिजवायचं, सगळं त्यात. प्रत्येक ओळीपुढे चौकट, आणि बाजूला दोरीला बांधलेलं पेन. एकेक काम झालं की टिक करायची. माप ठरवण्यासाठी मी ताईला दहा वेळा चिमटीनं खार घालायला लावला, प्रत्येक वेळी काट्यावर. दहाही वेळा काटा जवळपास तिथंच येऊन थांबला. मी आपली हरखून आकडा लिहून घेतला. ज्या हातावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून हा सगळा खटाटोप, त्याच हाताचं माप मी काढत होते, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. ती हसत होती. "लिही बाई, लिही. मी मेल्यावर कामाला येईल."

मग तिला शिकवायला घेतलं. तक्त्यावर टिक कशी करायची, फोनवर ग्रुपमध्ये फोटो कसा टाकायचा, पाकिटावर तारीख कशी लिहायची. आणि ती काही शिकेना. टिका करायची विसरायची, नाहीतर सकाळीच सगळ्या नऊ टिका करून मोकळी व्हायची. फोटोचं मी तिला किती वेळा दाखवलं देव जाणे. आज जमलं की उद्या कोरी पाटी. त्यात एक दिवस खालच्या फ्रिजमध्ये भांडी पुसायचं फडकं घडी करून ठेवलेलं सापडलं. मी म्हटलं, ताई, हे काय? ती म्हणाली, "असूं दे, थंड राहतंय." आम्ही दोघी हसलो.

माझ्या वहीत शिबिरातलं एक पान होतं, 'बदलाला विरोध'. जुनी माणसं मुद्दाम विसरतात, मुद्दाम हळू करतात, कारण त्यांना नवीन नको असतं. मला वाटलं, हेच ते. तिला माझा तक्ता नकोय, तोंडानं बोलत नाही एवढंच. एकदा चिडून म्हणाले, "ताई, तुला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!" ती फोनकडे बघत हळूच म्हणाली, "पालथा नाय गं धाकटे. घडा फुटलाय." मला वाटलं, नेहमीसारखी गंमत करतेय. मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि कामाला लागले.

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी हंगाम सुरू केला. पुण्याच्या एका दुकानदारानं पहिल्याच मालाची मागणी केली होती. त्याला आमच्या लेबलवरचं वाक्य फार आवडलं होतं. 'देवीला दाखवल्याशिवाय आम्ही चाखत नाही.' ती माझीच अक्कल. माल नाही, गोष्ट विका, असं शिबिरात शिकवलं होतं ना. पूर्वी पहिला घाणा म्हणजे एक पातेलं. पण एका पातेल्यात दुकानदाराची मागणी कशी भागायची? मी ठरवलं, पहिल्या दोन दिवसांचं सगळं काम पहिलाच घाणा धरायचा. तेवढा सगळा माल न चाखता करायचा. आणि आधणही रोज वेगळं न करता, दोन्ही दिवसांचं मीठ-खाराचं पाणी एकदाच मोठ्या पिंपात करून ठेवायचं, म्हणजे सगळे पापड एकसारखे. ताई म्हणाली, "येवढं मोठं पयलं पाणी आमच्यात कोन करीत नाय गं." मी म्हटलं, तुमच्यात दुकानदार पण नव्हता.

त्या सकाळी तिनं पिंपात मीठ घातलं, तीळ घातले, खार घातला. हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा मी तिकडे पाठ करून फोन हातात धरून उभी होते. मीच हाक मारली, "ताई, इकडं ये गं, सगळ्यांचा फोटो काढू, ग्रुपवर टाकायचाय." ती आली, पदर सारखा करून उभी राहिली, फोटो झाला. परत पिंपापाशी गेली आणि नुसती उभी राहिली. मग वळून म्हणाली, "धाकटे, खार घातला का गं मी?"

मी म्हटलं, "मला काय विचारतेस? तक्ता बघ."

ती तक्त्याजवळ गेली. बोट ठेवून एकेक ओळ बघितली. "खारापुढं टिक नाय दिसत."

"मग घाल की."

तिनं मापाचा पेला घेऊन परत खार घातला. दोरीचं पेन धरून नीट, सावकाश टिक केली. आणि माझ्याकडे बघितलं, आता बरोबर केलं ना, अशा नजरेनं. मी म्हटलं, "शाब्बास."

उकड शिजली तेव्हा तिनं सवयीनं कण उचलला आणि ताणला. कपाळाला आठी पडली. म्हणाली, "ही हाताला येगळीच लागतीया. बुळबुळीत. रंग बी बघ, तांबूस आलाय." तिला कळलं होतं. डोक्यातून खार घातल्याचं पुसलं गेलं होतं, पण हाताला कळलं होतं. मी म्हटलं, "ताई, आता अंदाज बंद. नऊच्या नऊ टिका आहेत ना? मग झालं." कामावरची एक बाई चाचरत म्हणाली, "जिभेवर ठेवून बघायचं का जरा?" त्यावर मी आणि ताई, दोघी एकदमच बोललो, "नाही!" तेवढ्यापुरत्या आम्ही दोघी एकमतानं बोललो. ती रीत म्हणून आणि मी लेबल म्हणून.

दोन दिवस लाटलं, चार दिवसांत सगळं वाळलं. पाच पापड तळले ते विटेसारखे लाल झाले. मी म्हटलं, तेल जास्त तापलं असेल. तसेच देवीपुढे ठेवले, हात जोडले आणि मग एक तुकडा तोंडात टाकला. कडूजहर. जीभ भाजल्यासारखी झाली, साबण खाल्ल्यासारखं वाटलं. दुसरा तळला, तिसरा तळला, सगळे तसलेच. देवीनं आमच्या आधी खाल्ले होते, बिचारी बोलते कुठं! सगळा माल गोठ्यावर पाठवला, तर म्हशींनी हुंगून तोंड फिरवलं. पुण्याचा दुकानदार गेला तो गेलाच.

सोमवारी मी मीटिंग घेतली. गच्चीवर आठ खुर्च्या गोल मांडल्या. चुकीबद्दल कसं बोलायचं तेही शिबिरात शिकवलं होतं. आधी कौतुक करा, मग चूक सांगा, शेवटी परत कौतुक. मी कौतुक गाळलं. सहा बायकांसमोर माझ्या थोरल्या जावेला म्हणाले, "तीस वर्षं पापड करतेस आणि खार घातला की नाही एवढं लक्षात राहत नाही? लक्ष कुठं असतं तुझं? सगळ्यांची मेहनत मातीत घातलीस." आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नाही. मी भिंतीवरचा तक्ता काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, वाच मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू दे.

ती उभी राहून वाचायला लागली. तीन ओळी वाचल्या आणि परत पहिलीवर आली. परत तीन, परत पहिली. मला वाटलं, माझी थट्टा करतेय. मी ओरडले, "पुढं वाच ना!" "चुकलं माझं," ती म्हणाली. "चुकलं गं. चुकलं." उकड वेगळी लागतेय असं आपण सांगितलं होतं, हे ती बोलली नाही. मलाही तेव्हा आठवलं नाही. आठवलं ते फार उशिरा, आणि आता रोज आठवतं.

त्यानंतर तिला मी उकडीवरून काढलं आणि लेबलं चिकटवायला बसवलं. खाली मान घालून बसायची. एका पाकिटाला तीन-तीन लेबलं, दुसऱ्याला एकही नाही. मी काढून परत लावायचे, तिच्यासमोरच, दात-ओठ खात. एकदा भर दुपारी ती गच्चीच्या मधोमध उन्हात नुसतीच उभी दिसली. म्हटलं, काय गं? म्हणाली, "काय तरी आनायला आले व्हते."

शेवटी दादाच एक दिवस वर आले. हा माणूस कधी वरचा जिना चढत नाही. सोफ्याच्या कडेला बसले आणि म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं होतं. वर्ष झालं, स्वयंपाक मीच करतो. तिला जमत नाही. मागं भाजी आणायला गेली ती कोपऱ्यावरून घरी यायची वाट चुकली. कोणाला बोललो नाही. म्हटलं, लोक काय म्हणतील." मी त्यांच्यावरही भडकले. एका घरात राहून वर्षभर लपवलंत? मग मलाच वाटलं, मी तरी कुठं बघितलं होतं? रोज चहा प्यायला समोर बसत होते की.

मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला तीन शब्द दिले, आंबा, खुर्ची, रुमाल. इकडचं तिकडचं बोलले आणि पाच मिनिटांनी विचारलं, कोणते शब्द दिले होते? ती गोड हसली आणि म्हणाली, "तुम्ही आत्ताच आला ना? बसा, चा ठेवते." दादांनी खिडकीकडे तोंड केलं.

डॉक्टर म्हणाले, दोन-तीन वर्षांपासून असावं. म्हणजे शिबिराच्याही आधीपासून. मी शिकवत होते त्या सगळ्या दिवसांत ती विसरत चालली होती, आणि मी वर तिला रागवत होते. मी विचारलं, माझ्या ओरडण्यानं वाढलं का? ते म्हणाले, नाही हो, त्याचा काही संबंध नाही. ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण डोंबल बरं वाटलं. मग विचारलं, रोज थोडं थोडं शिकवलं तर? ते म्हणाले, "नवीन काही आत टिकणार नाही. जुनं काही दिवस राहील, मग तेही जाईल. काय घडलं ते पुसलं जातं. घडताना जिवाला काय वाटलं ते मात्र बरेच दिवस मागे राहतं." हे शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलंच नाही. मी आपली गोळ्यांची चिठ्ठी वाचत होते.

तरी मी गप्प बसणारी आहे का? पाटी आणली, चित्रांची कार्डं आणली, दाराला मोठ्या अक्षरात 'बाथरूम' लिहिलं. तीन महिने रोज सकाळी एक तास तिच्यासमोर बसले. मग वाटलं, डोकं नाही तर नाही, हाताला तर आठवत असेल? गरम उकडीचा गोळा करून तिच्या हातावर ठेवला. तिनं तो धरून ठेवला. मी वाट बघत राहिले, आता चिमटीत घेईल, आता ताणेल. गोळा गार झाला. मग तिनं तो माझ्यापुढे केला आणि विचारलं, "ह्याचं काय करायचं असतं?" मी तो घेतला, जिन्यात जाऊन बसले आणि मोठ्यानं रडले. पाटी आणि कार्डं त्याच दिवशी माळ्यावर टाकली.

धंदा चालू आहे. हे सांगायला जास्त लाज वाटते. तक्ता भिंतीवर आहे, नऊ टिका रोज होतात, उकड दुसरी बाई करते. गिऱ्हाईक म्हणतं, चव अगदी पहिल्यासारखी. मीही खाऊन बघते, मलाही फरक कळत नाही. सर म्हणाले होते तसंच झालं, तो हात गेला आणि धंद्याचं काही अडलं नाही. निदान पापड तरी बिघडायला हवे होते, असं मला वाटतं. आता आधण तयार झालं की मी सगळ्यात आधी चमचाभर चाखते, पहिलं असो की पाचवं. लेबलवर मात्र अजून तेच वाक्य आहे. छापलेली लेबलं संपली की काढू, असं मी स्वतःला सांगते. ती संपायच्या आत नवीन छापून येतात.

आणि एक गोष्ट लिहायची टाळत होते. शिबिराहून आल्यावर मी अजून एक नियम केला होता. कामाच्या ठिकाणी नातं नको. बायका ऐकत नाहीत, घरच्यासारखं करतात, म्हणून गच्चीवर सगळ्यांनी मला मॅडम म्हणायचं. मी ताईलाही सांगितलं, तूच नाही म्हणालीस तर त्या कशाला म्हणतील? ती पदर तोंडाला लावून हसली होती. पण म्हणायला लागली, आधी चुकतमाकत, मधेच 'धाकटे' म्हणत. तक्ता, फोटो, तारीख, काही म्हणून तिला शिकता आलं नाही. हे एवढं मात्र तिनं शिकून घेतलं. त्या सोमवारच्या मीटिंगमध्येही ती 'चुकलं' म्हणाली ना, त्यातलं शेवटचं 'चुकलं, मॅडम' असं होतं.

दादांना आता ती कधी ओळखते, कधी नाही. मुलीला फोनवर 'कोन बोलतंय' विचारते. माहेरचं गाव, देवी, पापड, सगळं गेलं. मी रोज चारला चहा घेऊन खाली जाते. मला बघितलं की ती धडपडत खुर्चीवरून उठते. पदर सारखा करते, हात पुढे बांधते आणि भीतभीत विचारते, "मॅडम, आज काय चुकलं का माझं?"

मी म्हणते, नाही गं ताई. तुझं काहीच चुकलं नव्हतं. तुला कळलं होतं, तू सांगितलंही होतंस, मी ऐकलं नाही. माझं चुकलं, मला माफ कर. तिचे हात हातात घेऊन सांगते, सावकाश, एकेक शब्द. ती मान डोलावते, तेवढ्यापुरती हसते आणि खाली बसते. आम्ही चहा पितो. मी कप विसळायला आत जाते, दोनच मिनिटं. परत येते तेव्हा ती पुन्हा उठून उभी असते.